जजमेंटमध्ये वाटणाऱ्यावर बंधन असतंच का? मामा रुसलेत

हळदीचं बोट (सांगली)
मंडळी, एक वाद मिटवा प्लीज. चार दिवस झाले पाऊस काय थांबंना, त्यात संध्याकाळी लाईट जाते, म्हणून घरातले आम्ही पाच जण पत्ते घेऊन बसतोय. मेंढीकोटाला पाचवा उरतो म्हणून जजमेंट. कॅट एकच आहे आणि तोही जुना, भडंग खाता खाता कुणीतरी तसल्याच बोटांनी धरलेला, त्यामुळे किलवरच्या अठ्ठीच्या पाठीला हळदीचा डाग पडलाय तो आता सगळ्यांना पाठ आहे 😀

आमचे नियम असे. पहिला डाव १० पानांचा (२ पानं बाजूला झाकून), मग ९, ८ असं करत शेवटी एकेक पान. हुकूम क्रमाने इस्पिक, चौकट, किलवर, बदाम, परत इस्पिक. पानं बघून प्रत्येकाने आपले किती हात होतील ते बोलायचं. बरोबर तेवढेच झाले तर १० अधिक बोललेले, म्हणजे वहीत ३ लिहिलेत आणि ३च झाले तर त्याच्यापुढे फक्त १ मारायचा, झाले १३. एक कमी झाला काय नि एक जास्त झाला काय, भोपळा.

भांडण कुठं झालं तर वाटणारा सगळ्यात शेवटी बोलतो आणि त्याने असा आकडा बोलायचा नाही की सगळ्यांची बेरीज डावातल्या हातांएवढी होईल. परवा शेवटच्या एका पानाच्या डावात मामा वाटणार होते, हुकूम चौकट, आमच्या चौघांचं झालं ०, ०, १, ०. म्हणजे मामांना शून्य बोलता येत नाही, एकच बोलायला लागला, आणि हातात किलवरची तिर्री! तिर्रीने कुठं हात होतो होय. चार मार्कांनी पहिला नंबर गेला. तेव्हापासून मामा म्हणतात हा नियम आम्ही पोरांनी मोबाईलवर बघून घुसडलाय, त्यांच्या लहानपणी असलं काही नव्हतं. खरं काय?

पोवई नाका
मामांना साताऱ्याहून नमस्कार सांगा, पण नियम जुनाच आहे, आमच्या आत्या पण असंच खेळायच्या. इंग्रजीत ह्या खेळाला ओ हेल म्हणतात, गुजराती लोक काचूफूल म्हणतात (काळी, चौकट, फुल्ली, लाल, हुकमाच्या क्रमावरूनच नाव), तिकडेही हे बंधन बऱ्याच घरात असतं.

आणि ते काढून टाकलं तर खेळात राहतंय काय? सगळे आपापलं जमवून घेणार आणि पाचही जणांना मार्क, गोडीगुलाबीत डाव संपला. बंधन असलं की कुणीतरी एक तरी आपटणारच, मग कोण आपटणार ह्यावरच सगळी मजा आहे. बेरीज हातांपेक्षा जास्त झाली की ओढाताण, कमी झाली की ढकलाढकली, नको असलेला हात एकमेकांच्या गळ्यात मारायचा. चार पानांचा डाव घ्या, किलवर हुकूम, चौघे बोलले १, १, ०, १. तुम्ही वाटणारे, हातात किलवरचा एक्का आणि बाकी तीन कचरा. तुमचा साधा सरळ एक हात आहे पण एक बोलता येत नाही. शून्य बोलून उपयोग नाही कारण हुकमाचा एक्का कधीही टाका, हात तुमच्याच उरावर येणार. म्हणून दोन बोलायचं आणि तो दुसरा हात कुठून ओढायचा ह्याचा विचार करत चहा गार करायचा. मला तरी ह्याच्याइतकी मजा मेंढीकोटात येत नाही, कुणाला राग आला तर येऊ दे.

बाकी पाच जणांत अन्याय होतच नाही, १० डाव म्हणजे प्रत्येकजण बरोबर दोनदा वाटतो. सहा जण असाल तर मात्र ८ पानं, ८ डाव, दोघांवर दोनदा वेळ येते नि बाकीच्यांवर एकदाच. आम्ही तेव्हा एकावर पोचलो की परत ५ पर्यंत चढतो, १२ डाव होतात.

गावभागकर
२०१९ च्या पुरात आम्ही वरच्या मजल्यावर तिघंच अडकलो होतो, खाली जिन्यात पाणी. कॅट होता पण त्यातली तीन पानं गायब, नशिबाने तिन्ही बारकी, दुर्री तिर्रीच. तेव्हा आजोबांनी तीनशेचार शिकवला. त्यात बारकी पानं लागतच नाहीत, सत्तीपासून वरची ३२, आणि तिघं असाल तर सत्त्या अठ्ठ्या पण काढायच्या, राहतात २४, प्रत्येकी ८. गुलामाला ३०, नव्वीला २०, एक्का ११, दश्शी १०, राजा ३, राणी २. एका रंगाचे ७६, चारी रंगांचे ३०४, म्हणून तसं नाव. आधी चारच पानं वाटतात, तेवढ्यावर बोली लावायची, जिंकेल त्याने हुकमाचं पान पालथं ठेवायचं, मग उरलेली चार. राजाला नव्वी मारते हे डोक्यात बसायलाच एक दिवस जातो, आम्हाला तर दिवसच दिवस होते.

हे अवांतर झालं माहितेय, पण पाचातले दोघं झोपायला गेले तर कामाला येईल.

दिवसभर सुट्टीवर
बंधन ठेवा पण एका पानाच्या डावाला काढा. तिथं मामांचं रास्त आहे. आधीचे चौघंही शून्य बोलले तर वाटणाऱ्याला हुकमाचा एक्का असून शून्य बोलावं लागतं, ह्यात कसलं आलंय जजमेंट!

आमच्याकडे शेवटच्या डावाला पान न बघता कपाळाला चिकटवतात. दुसऱ्यांची सगळी दिसतात, आपलं तेवढं दिसत नाही, आणि त्यावर बोलायचं. लहान पोरं हसून लोळतात.

शून्याचं पण बघा एकदा. दोन पानांच्या डावात शून्याला १० म्हणजे फुकटची कमाई. आम्ही शून्याला ५ अधिक त्या डावातली पानं देतो, म्हणजे दोन पानांना ७ आणि दहा पानांना १५. दहा पानं हातात घेऊन एकही हात होऊ न देणं सोपं नाही हो.

हळदीचं बोट (सांगली)
सगळ्यांचे आभार. मामांना पोवई नाक्यांचा रिप्लाय मोठ्याने वाचून दाखवला, ऐकलं, हं म्हणाले आणि पानं पिसायला घेतली. बंधन राहिलं, एका पानाला काढलं, आणि कपाळवालं काल रात्री मेणबत्तीवर खेळून बघितलं. शेवटचा डाव परत मामांचाच. आम्ही चौघं एकमेकांची कपाळं बघून हसतोय आणि मामांनी आपलं पान उचललं, क्षणभर पाठ बघितली, कपाळाला लावलं आणि शांतपणे शून्य बोलले. किलवरची अठ्ठी. पहिला नंबर मामांचा.

आता नवीन कॅट आणायला मलाच पाठवतायत, ह्या पावसात.