आईला बोट लागंल काय? मालवणला जायचंय

रंकाळाकर: पुढच्या आठवड्यात कोल्हापुरातनं मालवण, सिंधुदुर्ग किल्ला नि डॉल्फिन राइड. आईला घाटातच गाडी लागत्या, समुद्रात कसं हुणार?

घाटवाट: भावा एव्होमिन बोटीच्या तासभर आधीच दे, मळमळ सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही. झोप येते त्यानं, आणि काचबिंदू किंवा दुसरी औषधं चालू असली तर डॉक्टरला विचारूनच. बोटीत मधोमध बसवा, टोकाला जास्त हलतंय, मोबाइल बंद, नजर लांब क्षितिजावर.

कटवडा: निघताना मिसळ नको (अवघड हाय, माहितीय!) पण उपाशीपण नको, इडली बास. आलेपाक चघळायला ठेवा. डिझेलच्या धुरापासनं लांब.

घाटवाट: किल्ला जवळच हाय, डॉल्फिनला जास्त वेळ लागतो. सकाळचीच बोट घ्या, दुपारी वारा वाढतो.