कॉकाटेलचा कान ओला राहतोय, मदत हवी आहे

आमच्या कॉकाटेलच्या (छोटा पाळीव पोपट, वय २ वर्षे, वजन ९० ग्रॅम) उजव्या कानाभोवतीची पिसं आठवडाभर ओली, चिकट दिसताहेत. वासही येतो. तीच बाजू तो दांडीवर घासत राहतो. खाणं, विष्ठा नेहमीसारखी. मान कलती नाही, तोलही जात नाही. लाल माइट (रक्त पिणारे बारीक किडे) रात्री बाहेर पडतात म्हणून पिंजऱ्यावर पांढरं कापड टाकून पाहिलं, काही सापडलं नाही. चोचीवर, पायांवर खपल्या नाहीत. कानात काहीच घातलेलं नाही.

इथले पशुवैद्य गाई-म्हशींचे. त्यांनी आयव्हरमेक्टिन (माइट मारायचं औषध) सुचवलंय, पण एवढ्याशा जिवाला मात्रा जास्त झाली तर? फार काळजी वाटते. पक्ष्यांचे डॉक्टर थेट पुण्यात.

माइट दिसत नसताना हे औषध द्यावं, की आधी कानातल्या स्रावाची तपासणी करून घ्यावी? तोवर बाहेरची पिसं कोमट सलाइनने पुसली तर चालेल का?