मुलगा कम्युनिटी कॉलेजात केमिस्ट्री घेतोय, सल्ला हवा (कॅलिफोर्निया)

फ्रीमाँटची_आई
लेकाची बारावी झाली. हव्या त्या यूसीत (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या कॅम्पसात) नंबर लागला नाही, लागला तिथे त्याला जायचं नाही. आता म्हणतो, ओलोनी या इथल्या कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं केमिस्ट्री करतो, मग यूसीत ट्रान्सफर. मी स्वतः कोल्हापूरची बी.एस्सी., पिपेट तोंडाने ओढायच्या काळातली, त्यामुळे विषयाची धास्ती नाही. पण कम्युनिटी कॉलेज म्हटलं की ओळखीतल्यांचे चेहरे पडतात. खरं सांगायचं तर माझाही पडला. नुसत्या दोन वर्षांच्या डिग्रीवर नोकरी लागते का? आणि ट्रान्सफर खरंच होते का?

ब्युरेट
लागते. मी औषध कंपनीच्या क्यूसीत (गुणवत्ता तपासणीत) आहे, आमच्याकडे दोघं असोसिएट, म्हणजे दोन वर्षांच्या डिग्रीवरच आलेत. केमिकल टेक्निशियनला साधारण तेवढंच शिक्षण मागतात. सँपल बनवायचं, एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) चालवायचं, पीएच मीटर कॅलिब्रेट करायचा आणि सगळं लिहून ठेवायचं. आमच्यात लिहिलं नाही म्हणजे केलंच नाही! पण केमिस्टच्या जागेला बहुतेक ठिकाणी चार वर्षांची डिग्री लागतेच. टेक्निशियन म्हणून लागला तरी शिक्षण तिथेच थांबवू देऊ नका.

डेव्हिसवाली
माझी लेक याच वाटेने यूसी डेव्हिसला गेली. एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली, ती तुम्ही आजच धरा: केमिस्ट्रीत साखळी असते. जनरल केमिस्ट्री दोन सेमिस्टर, ती झाल्याशिवाय ऑरगॅनिक नाही, आणि ऑरगॅनिक परत दोन सेमिस्टर. झाली की चार! पहिल्याच सेमिस्टरला जनरलच्या लॅबमध्ये जागा मिळाली नाही तर दोनाची तीन वर्षं होतात, कारण मधे उडी मारता येत नाही. शिवाय फिजिक्स कॅलक्युलसवर अडतं. आमच्या पहिल्या काउन्सेलरने इतिहास, कम्युनिकेशन असले जनरल एज्युकेशनचे विषय आधी भरून दिले. मार्क उत्तम, वर्ष वाया. सायन्सवाल्यांनी मेजरचे, म्हणजे मुख्य शाखेचे, विषय आधी उरकायचे, बाकीचे फटीत बसवायचे.

कुठला कोर्स कुठल्या यूसीत धरतात ते असिस्ट डॉट ऑर्गवर दिसतं. लेकाला स्वतःला बघायला लावा. टॅग म्हणजे प्रवेशाची हमी सहा यूसी देतात: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ. बर्कली आणि यूसीएलए त्यात नाहीत. जीपीएची (सरासरी ग्रेडची) अट कॅम्पस आणि मेजरप्रमाणे बदलते. टॅगचा अर्ज यूसीत जायच्या आधीच्या सप्टेंबरात भरायचा, महिनाभरच. आम्ही ३० तारखेला रात्री भरला, तसं करू नका.

नळावरचा
पाण्याच्या नोकऱ्या कोणाला आठवत नाहीत! पाणी शुद्धीकरणाच्या ऑपरेटरला राज्याचे टी१ ते टी५ असे परवाने असतात. टी१च्या परीक्षेला हायस्कूल पुरतं, पण डोस आणि क्लोरीनची गणितं केमिस्ट्रीवाल्याला हातचा मळ. बरेचसे प्लांट सरकारी, पेन्शन असते. पाळ्या असतात, रात्रपाळीही. प्लांटवरचीच आवड असेल तर पिट्सबर्गच्या लॉस मेडानोसमध्ये प्रोसेस टेक्नॉलॉजी शिकवतात, रिफायनऱ्या जवळच आहेत.

फ्रीमाँटची_आई
बापरे, साखळीचं कोणीच बोललं नव्हतं. फीचा हिशेब मांडला: राज्यातल्या रहिवाशाला एका युनिटला (क्रेडिटला) ४६ डॉलर, दोन वर्षांच्या ६० युनिटचे २,७६०. पुस्तकं वेगळी. आमच्या शेजाऱ्यांनी मुलाच्या डॉर्मला (कॉलेजच्या हॉस्टेलला) एका सेमिस्टरला याहून जास्त मोजले. चेहरा जरा सावरला.

लेकाला डेव्हिसवाली ताईंचं वाचून दाखवलं. तो म्हणे, "कॅलक्युलस आणि केमिस्ट्री एकाच सेमिस्टरला?" मी म्हटलं, हो, आणि जनरलची जागा आधी पकड. परवा सकाळी रजिस्ट्रेशन उघडतंय. आता एकच: लॅब कोट तिथे मिळतो का? माझा कोल्हापूरचा अजून पेटीत आहे, जरा पिवळा पडलाय.

ब्युरेट
बहुतेक घरूनच न्यावा लागेल. शंभर टक्के सुती असेल तर धुऊन द्या. गॉगल मात्र नवा घ्या, डोळ्यांभोवती घट्ट बसणारा.