चार्ज-अनचार्जला मराठीत काय म्हणावं?

कीर्दखतावणी: लिनक्स कर्नलमधल्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या) एका दुरुस्तीचं टिपण मराठीत करतोय. कर्नल प्रोसेसचे गट (सीग्रुप) करून प्रत्येक गटाने किती मेमरी वापरली ते मोजतो; वापर खात्यावर चढवणं म्हणजे चार्ज, उतरवणं म्हणजे अनचार्ज. मेमरीचं 2 एमबीचं मोठं पान ग्रुपच्या खात्यावर चार्ज होताना 4 केबीची 512 पानं मोजली जातात. पुढची पायरी फसली की एररच्या वाटेवर अनचार्ज होतं एकच पान. मी 'मेमरी गळती' लिहिलं, तपासणाऱ्याने खोडलं.

शून्याधार: बरोबरच खोडलं. मेमरी अ‍ॅलोकेटरकडे (मेमरी वाटणाऱ्या भागाकडे) परत गेलीय, गळती कसली? खात्यावर 511 पानं, म्हणजे 2044 केबी, खोटी बाकी राहते. ती साठून मर्यादेला भिडली की मशीनमध्ये मेमरी मोकळी असूनही ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस बंद पाडणारा कर्नलचा भाग) त्या ग्रुपमधली प्रोसेस मारतो. चार्ज करताना दिलेला आकडाच अनचार्जला द्या.

शब्दवेल्हाळ: आकारणी आणि अनाकारणी.

खडूस: 'अनाकारणी' वाचताना 'विनाकारण' दिसतं. वाण्याच्या वहीतलं घ्या की, नावे टाकणे आणि जमा करणे.

शून्याधार: 'जमा' नको. '512 पानं जमा' म्हटलं की काउंटर वाढला असंच वाटणार. 'नावावरून कमी करणे' लिहा. दोनदा कमी केलं तर काउंटर शून्याखाली जातो आणि लॉगमध्ये अंडरफ्लोची वॉर्निंग येते. कमी करायचं राहिलं तर कोणी ओरडत नाही.

तिरपागडा: आणि प्रत्येक तफावत म्हणजे बग नव्हे. सीपीयू 64 पानं आगाऊ चार्ज करून हाताशी ठेवतो, म्हणजे 256 केबी. त्याला 'उचल' म्हणा. जास्तीच्या आकड्यातून आधी ती वजा करा.

कीर्दखतावणी: आणि ग्रुपची डिरेक्टरी काढून टाकली तर?

तिरपागडा: एक पान जरी नावावर असलं तरी ग्रुप मेमरीतून सुटत नाही. सातबाऱ्यावर मयताचं नाव राहतं तसं. सीग्रुपच्या स्टॅट फाइलमध्ये 'डाइंग डिसेंडंट्स'चा (काढून टाकलेल्या पण न सुटलेल्या ग्रुपांचा) आकडा चढत गेला तर हेच समजा. कर्नलच्या 2020 च्या 5.9 आवृत्तीपासून स्लॅबमधले (कर्नलच्या स्वतःच्या छोट्या वस्तूंच्या मेमरीतले) ऑब्जेक्ट पॅरेंटच्या, म्हणजे वरच्या ग्रुपच्या, नावावर वर्ग होतात. वारसनोंदच ती.

खडूस: वारस खालच्या पिढीत असतो, पॅरेंट वर. 'फेरफार' म्हणा.

शब्दवेल्हाळ: हिंदू वारसा कायद्यात आई पहिल्या वर्गाची वारस आहे.

कीर्दखतावणी: मूळ प्रश्न चार्जचा होता हो! शीर्षकात 'मेमरीचा हिशोब' लिहून मोकळा होतो.

शब्दवेल्हाळ: हिशेब! अरबी 'हिसाब'मध्ये ओकार कुठून आला?

खडूस: मग एकार तरी कुठून आला?