पॉलिकीटातला ‘कीटा’ : केस, काटा की कूस?

प्रश्न : मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेत विज्ञान शिकवते. ‘पॉलिकीटा’ या समुद्री प्राण्यांच्या गटाच्या नावाचा अर्थ विचारल्यावर एका विद्यार्थिनीने ‘पुष्कळ किडे’ असे लिहिले. देवनागरीत ‘कीटा’ वाचून ‘कीटक’ आठवणे इतके साहजिक आहे की तिला चूक म्हणताना मलाच संकोच वाटला. वर्गात मी ‘केसाळ समुद्री अळी’ म्हणते, तर मुले लगेच ‘म्हणजे कंबळीहुळ का?’ असे, म्हणजे केसाळ सुरवंट का असे, कानडीमिश्रित विचारतात. नेमका शब्द कोणता धरावा?

उत्तर : बाई, या ‘कीटा’चा आपल्या किडीशी काहीही संबंध नाही. ग्रीक भाषेत ‘पॉली’ म्हणजे अनेक आणि ‘खायते’ म्हणजे लांब केस किंवा आयाळ. या दोहोंवरून ग्रूब या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १८५० साली हे नाव घडवले. मुलांचा कंबळीहुळ मात्र खरोखरच अळी आहे, कारण तो पुढे पतंग होतो. नेरीससारखा पॉलिकीटा गटातला समुद्री प्राणी प्रौढ झाल्यावरही तसाच लांबट राहतो आणि त्याची खरी अळी-अवस्था, म्हणजे पाण्यात तरंगणारी इवलीशी ट्रोकोफोर, दिसायला अगदी निराळी असते. म्हणून मी ‘अळी’ टाळून ‘वलयी कृमी’ म्हणेन. ‘कृमी’ म्हटले की जंतांचे औषध आठवते हे खरे, पण तेवढे सोसावे लागेल.

आता ‘केस’. उत्तर अटलांटिकच्या किनाऱ्यावर चिखलात बिळे करून राहणारा आलित्ता व्हिरेन्स हा नेरीसच्याच कुळातला हिरवट कृमी उदाहरणाला घेऊ. त्याच्या पुरोमुखावर, म्हणजे तोंडापुढच्या डोक्याच्या भागावर, चार डोळे, दोन शृंगिका (मिशांसारखे अवयव) आणि दोन जाडसर स्पर्शके असतात; त्यामागच्या परिमुखावर, म्हणजे तोंडाभोवतीच्या वलयावर, तंतूंच्या चार जोड्या असतात. घसा एरवी आत दुमडलेला असतो. भक्ष्य जाणवताच तो सदऱ्याची बाही उलटावी तसा बाहेर येतो आणि त्याच्या टोकाशी असलेले काळपट, दातेरी जबडे भक्ष्य पकडतात. या जबड्यांना कठीणपणा देण्यात जस्ताचा वाटा असतो. पुढे शरीरभर वलये आणि प्रत्येक वलयाच्या दोन्ही बाजूंना मांसल पार्श्वपाद, म्हणजे पायांसारखे फाटे, असतात. पहिल्या दोन जोड्या सोडल्या तर प्रत्येक पार्श्वपादाला वरचा आणि खालचा असे दोन भाग असतात, आणि आपण ज्यांना केस म्हणता त्यांचे जुडगे या भागांतून बाहेर आलेले दिसतात.

आपला केस मृत पेशींचाच बनलेला असतो. या कृमीचा रोम मात्र पेशींचा बनलेला नसतो. त्वचेतल्या खळग्याच्या तळाशी असलेली एकच पेशी मुख्यतः कायटिन हा चिवट पदार्थ स्रवून तो घडवते. शिवाय नेरीसकुळात यातले बरेच रोम सांध्याचे असतात, म्हणजे दांड्याच्या खाचेत एक वेगळे पाते बसवलेले असते. असा केस कोणाच्या डोक्यावर उगवल्याचे मला ठाऊक नाही.

‘काटा’ही जमत नाही, कारण पार्श्वपादाच्या प्रत्येक भागाच्या आत आधारासाठी एक जाड, काळी सळई असते आणि तो शब्द तिच्यासाठी राखून ठेवणे बरे. मला ‘कूस’ सर्वांत जवळचे वाटते. इथे कूस म्हणजे पोटाची बाजू नव्हे, तर गव्हाच्या ओंबीवरचे खरखरीत, सरळ, सदऱ्यात शिरले की टोचत राहणारे कूस. आपल्याकडच्या मुलांना ते दाखवायला तसबीर लागत नाही.

प्रतिप्रश्न : सर, मूळ ग्रीक शब्दाचाच अर्थ केस असेल, तर आपण भाषांतरकाराने त्याला दुरुस्त का करावे? शिवाय ‘बहुकुसी’ हे नाव पाठ्यपुस्तकात कसे दिसेल?

उत्तर : चांगले दिसणार नाही, हे मान्य. तिथे ‘बहुशूक’ वापरावे. संस्कृतात शूक म्हणजे धान्याचे कूसच. आयुर्वेदात भात-गव्हाला ‘शूकधान्य’ म्हणतात ते यावरूनच. नाव देणाऱ्याला जे दिसले ते त्याने लिहिले. आपल्याला त्याहून जवळचे दिसत असेल, तर शब्दाला जन्मभर केसांत अडकवून ठेवण्याचे कारण नाही.

वर्गीकरण शिकवताना मात्र एक सावधगिरी बाळगा. हा आलित्ता व्हिरेन्स कृमी सार्स या नॉर्वेच्या प्राणिशास्त्रज्ञाने १८३५ साली नेरीस या प्रजातीत घालून वर्णिला. पुढे तो आलित्ता प्रजातीत गेला, म्हणूनच शास्त्रीय नावापुढे सार्सचे नाव कंसात लिहितात. तो कंस वर्गात जरूर समजावून सांगा. त्यावरची उतरंड नेरीइडिडी कुल, फायलोडोसिडा गण आणि ॲनेलिडा, म्हणजे वलयी कृमींचा, संघ अशी आहे. मधल्या ‘वर्ग : पॉलिकीटा’ या ओळीवर आता विसंबून राहता येत नाही. जनुकीय तुलनेने ॲनेलिडांच्या बहुतेक जाती भटक्या आणि बैठ्या अशा दोन मोठ्या शाखांत विभागल्या आहेत, आणि एरवी पॉलिकीटाबाहेर धरले जाणारे आपल्या शेतातले गांडूळ बैठ्या शाखेच्या आत जाऊन बसले आहे. गांडुळाला निदान थोडी कुसे तरी आहेत. पण पावसाळ्यात कणकुंबीच्या रानात पायाला चढणारी जळूही त्याच शाखेतली, आणि तिच्या अंगावर एकही कूस नाही. म्हणून ‘बहुशूक’ हा शब्द रूपाचे वर्णन म्हणून शिकवावा, कुळाचा दाखला म्हणून नव्हे.

बाई : उद्या गव्हाची ओंबी घेऊन वर्गात जाते. त्या मुलीला अर्धा गुण द्यावा म्हणते, कारण ‘पुष्कळ’ हे तिने बरोबर लिहिले होते.