वाघ, गुरं आणि गुराखी: पीएच.डी. कोणत्या विभागात करावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. समाजशास्त्रात एम.ए. झालं आहे, नेट पास आहे, नागपुरात राहूनच पीएच.डी. करायची आहे.

विषय पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमधल्या, म्हणजे कोअर या संरक्षित गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या, गावांचा. वाघाने गाय मारली की पंचनामा होतो, वनखातं भरपाई देतं. पण त्यानंतर गुराखी चराई कुठे हलवतो? मोहफुलं वेचायला भल्या पहाटे जाणाऱ्या बाया सोबत शोधतात का? दूध आटलेली गाय घरी ठेवायची की रानात सोडायची, हे कोण ठरवतं? माणूस, जनावर आणि जंगल यांचं हे रोजचं नातं मला समजून घ्यायचं आहे. वाघांची गणना किंवा हल्ल्यांची आकडेवारी हा माझा विषय नाही.

समाजशास्त्राच्या एका मार्गदर्शकांनी ‘हे प्राणिशास्त्र झालं’ म्हटलं, प्राणिशास्त्रात ‘नुसत्या मुलाखती चालणार नाहीत’ असं उत्तर मिळालं. इंग्लंडमध्ये एक्झेटर विद्यापीठात अँथ्रोझूऑलॉजीचं (माणूस-प्राणी नात्याच्या अभ्यासाचं) एम.ए. दूरशिक्षणाने होतं, पण ती फी झेपणारी नाही. यूजीसीच्या 2022 च्या नियमांत दुसऱ्या विभागाचे सहमार्गदर्शक घेता येतात, हे वाचलं आहे.

वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या कलम 28 मधली परवानगी अभयारण्यात जाण्यासाठी असते. मी कोअरमध्ये पाऊल टाकणार नाही, फक्त गावांत बसून बोलणार.

विदर्भात समाजशास्त्राची नोंदणी आणि वन्यजीव क्षेत्रातले सहमार्गदर्शक अशी जोडी कुणी प्रत्यक्ष जमवली आहे का, आणि केवळ बफरच्या गावांतल्या मुलाखतींसाठी वनखात्याची लेखी परवानगी घ्यावी लागली का?