मदत हवी आहे: कॅन्ससच्या काउंट्यांमधली हिस्पॅनिक लोकसंख्या नकाशावर कशी दाखवू?

नमस्कार मंडळी,

मी अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात जॉन्सन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) राहते. आमच्या स्वयंसेवकांच्या गटाला राज्यभर लसीकरणाची स्पॅनिश पत्रकं पाठवायची आहेत. १०५ काउंट्यांपैकी कुठे किती पाठवायची, हे ठरवायचं काम माझ्याकडे आलंय. २०२० च्या जनगणनेचे आकडे एक्सेलमध्ये घेतले आणि दोन ठिकाणी अडले.

एक, श्वेतवर्णीय, कृष्णवर्णीय, आशियाई वगैरे सगळे रकाने आणि हिस्पॅनिक (मूळ स्पॅनिशभाषक देशांतले लोक) मिळवले की बेरीज एकूण लोकसंख्येच्या वर जाते. सूत्र तीनदा तपासलं.

दुसरं, टक्केवारीने रंग भरले तर नैर्ऋत्य कोपराच गडद होतो: सेवर्ड, फोर्ड, फिनी. बीफ प्लांटच्या कामामुळे तिकडे वस्ती वाढली, हे माहीत आहे. सेवर्डमधल्या लिबरल गावी गेले होते, तेव्हा लाँड्रीतल्या फळ्यावर खोली भाड्याने, बाळाचा पाळणा विकणे, सगळ्या चिठ्ठ्या स्पॅनिशमध्ये! पण माझी जॉन्सन काउंटी नकाशावर फिकट दिसते, ते पटत नाही. कृपया जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १

ताई, सूत्र बरोबरच आहे. २०२० च्या जनगणनेत हिस्पॅनिक हा वंश धरला नव्हता, तो प्रश्न वेगळा विचारला होता. आपल्याकडे मराठी भाषक आणि हिंदू यांची बेरीज केली तर काय होईल, तसंच हे. एकच माणूस दोन्हीकडे मोजला जातो. त्या जनगणनेचा 'पी२' हा तक्ता घ्या. त्यात हिस्पॅनिक आधी बाजूला काढून उरलेल्यांचे वंश दिलेत, बेरीज जुळेल.

प्रतिसाद २

पत्रकं माणसांना वाटायची आहेत, तेव्हा टक्केवारीवर जाऊ नका. सेवर्डमध्ये साधारण दोन तृतीयांश लोक हिस्पॅनिक, पण काउंटीच बावीस हजारांची. जॉन्सनमध्ये प्रमाण दहा टक्क्यांच्या आत, तरी वस्ती सहा लाखांवर, म्हणजे माणसं सेवर्डच्या कितीतरी पट. विचिटा शहर ज्या सेजविक काउंटीत आहे, तिथे त्याहूनही जास्त. रंग टक्केवारीचा ठेवा आणि त्यावर संख्येप्रमाणे लहानमोठी वर्तुळं काढा.

आणि हिस्पॅनिक म्हणजे स्पॅनिश वाचणारा, असंही नाही. कॅन्सस सिटीच्या आर्जेंटाइन भागात रेल्वेच्या कामासाठी मेक्सिकन कुटुंबं शंभर वर्षांपूर्वीच आली. त्यांच्या पणतवंडांना इंग्रजी पत्रक चालेल. घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेचा तक्ता बघा, इंग्रजी कितपत येतं तेही त्यात असतं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! बेरीज जुळली. भाषेचा तक्ता उतरवतेय, पण छोट्या काउंट्यांत आकड्याशेजारी 'अधिक-उणे' फारच मोठं आहे. काय करू?

प्रतिसाद २

तो नमुना पाहणीचा अंदाज आहे. ग्रीलीसारख्या काउंटीत जेमतेम तेराशे माणसं, तिथे असं होणारच. पाच वर्षांचे एकत्र आकडे घ्या, शेजारच्या दोन-तीन काउंट्या एकत्र करा आणि तिथल्या शाळेला एक फोन लावा. किती घरांत स्पॅनिश चिठ्ठी पाठवावी लागते, ते शाळेला नेमकं ठाऊक असतं.